घाण आमची, हात त्यांचे

वादळ कुणाचं घर पाहून येत नाही, असं आपण सगळेच म्हणतो. १२ डिसेंबर २०१६ च्या दुपारी ‘वरदा’ चक्रीवादळ चेन्नईवर धडकलं, तेव्हा वेस्ट मांबलमच्या गल्लीगल्लीत हेच वाक्य ऐकू येत होतं. हे वाक्य खोटं आहे. वारा सगळ्यांच्या अंगावरून गेला, एवढंच खरं. त्यानंतरचे दिवस कुणी कसे काढले, कुणी काय उचललं आणि कुणी नुसतं बाल्कनीत उभं राहून पाहिलं, हे जातीने आणि ऐपतीने आधीच ठरून गेलेलं होतं.

वेस्ट मांबलम म्हणजे मांबलम स्टेशनच्या रुळांच्या पश्चिमेची वस्ती. रुळांच्या पूर्वेला रंगनाथन स्ट्रीट आणि टी. नगरची साड्या-सोन्याची बाजारपेठ. पश्चिमेला आर्य गौडा रोड, लेक व्ह्यू रोड, अयोध्या मंडपम आणि दाटीवाटीच्या गल्ल्या. निवृत्त कारकून, शिक्षक, बँकेतली माणसं, पौरोहित्य करणारे, मेस चालवणारे. मराठी वाचकाला सांगायचं तर ही चेन्नईची सदाशिव पेठ. शिकलेली, देवभीरू, स्वतःला सज्जन समजणारी. मी याच वस्तीत राहतो आणि या लेखात जे आरोप आहेत, ते आधी या वस्तीवर आहेत. मग आमच्या पुण्या-मुंबईवर आहेत.

‘वरदा’च्या वेळी शहराची अवस्था मुळातच बिकट होती. ५ डिसेंबरला मुख्यमंत्री जयललिता गेल्या होत्या. नोटाबंदीला महिना झाला होता आणि लोकांच्या हातात रोख पैसा नव्हता. वीज गेली तशी एटीएमं आणि कार्डाची यंत्रंही बंद पडली. महापालिकेत लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस नव्हता, कारण नगरसेवकांची मुदत ऑक्टोबरमध्ये संपली होती आणि निवडणूक मद्रास उच्च न्यायालयात अडकली होती. पुढे २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ, १६८८ साली स्थापन झालेली देशातली ही सर्वात जुनी महापालिका अधिकाऱ्यांच्या हवाली होती. मुंबईकरांना हे नवं वाटणार नाही. मुंबई महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि तिथेही प्रशासक बसला तो वर्षानुवर्षं बसला. आपण, म्हणजे मतदारांनी, दोन्ही ठिकाणी ते मुकाट्याने सोसलं. दाराशी पाणी आल्यावर ज्याला हक्काने जाब विचारायचा, तो माणूसच जाग्यावर नाही, याची बोच आम्हाला फक्त पावसाळ्यात होते.

‘वरदा’च्या दिवशी वादळाचा डोळा शहरावरून सरकताना वारा थोडा वेळ पडला. लोक घराबाहेर आले, गाड्या हलवायला धावले. मग उलट्या दिशेने वारा सुटला आणि आधीच खिळखिळी झालेली झाडं उन्मळून पडली. शहरभर हजारो झाडं गेली. त्यातली बरीच गुलमोहर आणि तशीच उथळ मुळांची होती. फुटपाथचं काँक्रीट बुंध्यापर्यंत नेऊन आणि केबलसाठी चर खणताना मुळं तोडून आम्ही त्यांना आधीच अधू करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत दोन प्रकारची माणसं आली. एक होते वीज मंडळाचे लाइनमन. दुसरे महापालिकेचे सफाई कामगार: तीन पुरुष आणि दोन बायका. तारांवर आडवा पडलेला गुलमोहर तोडून बाजूला केल्याशिवाय लाइनमनला काही करता येत नव्हतं. कामगारांकडे दोन कोयते, एक दोर आणि एक हातगाडी होती. पायात रबरी चपला. हातमोजे नव्हते. मॅनहोलमधून वर आलेलं सांडपाणी रस्त्यावरच्या पाण्यात मिसळलं होतं आणि त्याच पाण्यात उभं राहून त्या बायका फांद्या ओढत होत्या. एकीच्या घोट्याला खरचटून रक्त येत होतं. तिने ते त्याच पाण्याने धुतलं.

आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एक मामी बाहेर आल्या. मायाळू बाई, दारी आलेल्याला कधी विन्मुख पाठवलं नाही. त्यांनी लाइनमनला फाटकाच्या आत बोलावलं, प्लास्टिकची खुर्ची दिली, स्टीलच्या टंबलर-डबऱ्यात कॉफी दिली. सफाई कामगारांनी पाणी मागितलं तेव्हा त्यांनी फाटकाच्या गजांतून पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाल्या, ‘ठेवून घ्या, परत नको.’ बाटली घेणाऱ्या बाईने मान हलवली. तिला त्याचा अर्थ विचारावा लागला नाही. आजूबाजूच्या दहा-बारा घरांतून हे दृश्य दिसत होतं आणि कुणालाही त्यात काही खटकलं नाही. उलट मामींच्या दयाळूपणाचं कौतुक झालं.

२० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले. त्याच्याही आधी, १८६८ साली, जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. या तारखा आमच्या मुलांना शाळेत पाठ असतात. तमिळनाडूत पेरियारांचे पुतळे चौकाचौकात आहेत आणि अर्ध्या शतकाहून जास्त काळ त्यांचंच नाव घेणारे पक्ष आलटून पालटून राज्य करत आले आहेत. इतकं सगळं होऊन २०१६ साली, निम्मं शहर अंधारात असताना, पाण्याची बाटली परत घ्यायची की नाही हे घेणाऱ्याच्या कामावरून ठरत होतं. आणि काम जातीवरून ठरलेलं होतं. चेन्नईचे सफाई कामगार बहुतांशी दलित आहेत. त्यांत अरुंधतियार आहेत, आदि द्रविडर आहेत, पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेली तेलुगू बोलणारी घराणी आहेत. सत्ता बदलली, झेंडे बदलले, गटाराजवळ कोणी वाकायचं ते बदललं नाही.

२०१५ च्या महापुरानंतर तर शहरातले हात पुरले नाहीत म्हणून इतर जिल्ह्यांतून सफाई कामगार बसमध्ये घालून आणले गेले. त्यांची मुक्कामाची व्यवस्था मंडप-सभागृहांतून होती. अनेकांकडे बूट नव्हते, मोजे नव्हते, अंघोळीला जागा नव्हती. वर्तमानपत्रांतून हे छापून येत होतं आणि आम्ही ते वाचत होतो. कुजलेल्या गाद्या, मेलेली जनावरं, सडलेलं धान्य, औषधं, मैला हे सगळं त्यांनी उपसलं. त्याच कामगारांना आपल्या इमारतीच्या संडासात हातपाय धुऊ द्यावेत, असं आमच्यातल्या किती जणांना वाटलं? पुराच्या काळात आम्ही माणुसकीचं दर्शन घडवलं म्हणून आमची वाहवा झाली. त्यात खोटं काही नव्हतं. मच्छीमारांनी आपल्या बोटी लॉरींवर चढवून बुडालेल्या वस्त्यांत आणल्या आणि अनोळखी माणसांना गच्च्यांवरून उतरवलं. मुसलमान तरुणांनी देवळांतला चिखल काढला. अम्मा उणवगम या महापालिकेच्या स्वस्त खानावळींनी भुकेल्यांना फुकट जेवू घातलं. पण हे करणारे हात कुठून आले, हे नीट पाहा. समुद्राकाठच्या झोपड्यांतून आले, मशिदींतून आले, खानावळीच्या चुलीपाशी राबणाऱ्या बायकांचे आले. आमच्या वाट्याला कौतुक करणं आलं.

वेस्ट मांबलमच्या जमिनीचाही हिशेब मांडायला हवा, कारण वादळानंतर सगळ्यात मोठा आवाज ‘अतिक्रमण’ या आरोपाचा असतो. इथे कधीकाळी मोठा तलाव होता. लाँग टँक म्हणत त्याला. मैलापूर आणि नुंगंबाक्कमकडच्या तलावांना मिळून उत्तर-दक्षिण लांबच लांब पसरलेला. १९२०च्या दशकात तो फोडून, सुकवून त्यावर नवं नगर वसवलं गेलं. त्याला जस्टिस पक्षाचे नेते त्यागराय चेट्टींचं नाव दिलं, तेच टी. नगर. पलीकडच्या आमच्या लेक व्ह्यू रोडवरून आज तलावाचा थेंबही दिसत नाही. नुंगंबाक्कमच्या तलावाच्या जागी १९७०च्या दशकात वळ्ळुवर कोट्टम उभं राहिलं. पावसाचं पाणी आपली जुनी जागा शोधत येतं. त्याला वाट द्यायला मांबलम कालवा उरला आहे, तो नंदनमपाशी अड्यार नदीला मिळतो. त्या कालव्याचं आपण काय केलं? २०२१ च्या नोव्हेंबरात एका रात्रीत वीस सेंटिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि टी. नगर-मांबलम पाण्याखाली गेलं. ‘स्मार्ट सिटी’च्या नावाने चाललेल्या कामाचा राडारोडा कालव्याच्या पात्रातच पडून होता. रुळांखालचे दोन्ही सबवे तुंबले. त्याच आठवड्यात मद्रास उच्च न्यायालयाने महापालिकेला सुनावलं की, निम्मं वर्ष लोक पाण्यासाठी रडतात आणि निम्मं वर्ष पाण्यात मरतात.

तलावात राहणारे आम्ही रहिवासी. आमच्याकडे खरेदीखत आहे, घरपट्टीची पावती आहे, बँकेचं कर्ज आहे. अड्यार आणि कूवमच्या काठावर पिढ्यान् पिढ्या राहिलेले लोक मात्र अतिक्रमक. २०१५ च्या पुरानंतर नदीकाठच्या हजारो कुटुंबांना उठवून वीस-पंचवीस किलोमीटर दक्षिणेला पेरुंबाक्कमच्या टोलेजंग इमारतींत नेऊन टाकलं. आधी कण्णगी नगर, सेम्मंचेरी, मग पेरुंबाक्कम. हा सारा पट्टा पळ्ळिकरणैच्या पाणथळीच्या बाजूचा. पूर टाळण्यासाठी हलवलेली माणसं पुन्हा पाण्याच्याच वाटेवर. कामाच्या जागा दूर गेल्या, मुलांच्या शाळा सुटल्या, बायकांची घरकामं गेली. आणि त्याच पळ्ळिकरणैत, हजारो हेक्टरांची पाणथळ आक्रसून काही शे हेक्टरांवर आली असताना, आयटी कंपन्यांची कार्यालयं, रस्ते, खुद्द महापालिकेचं कचरा टाकायचं मैदान हे सगळं कायदेशीर ठरलं. विमानतळाची धावपट्टी अड्यार नदीवरून पलीकडे गेली, तीही कायदेशीर. नदीची वाट कुणी किती अडवली याचा खरा तक्ता मांडला, तर झोपडीचा क्रमांक फार खाली लागेल. हे आम्हाला कळत नाही असं नाही. कळलं तर आपल्या घरावर बोट येईल, म्हणून आम्ही ते बोट नदीकाठाकडे वळवतो.

२०१५ ची ती रात्र इथे विसरता येत नाही. १ डिसेंबरला चेंबरंबाक्कम तलावातून अड्यार नदीत सोडलेला विसर्ग सरकारी आकड्यानुसार सेकंदाला २९,००० घनफुटांवर गेला. तांबरमला त्या दिवसात ४९ सेंटिमीटर पाऊस नोंदला गेला होता. चेंबरंबाक्कमच्या खालच्या ओढ्या-तलावांचं पाणीही नदीत येत होतं, तेव्हा सगळा दोष एका दरवाजावर टाकणं बरोबर नाही. पण २०१८ च्या जुलैत विधानसभेपुढे आलेल्या कॅगच्या अहवालाने या पुराला मानवनिर्मित आपत्ती म्हटलं, आणि ते सरकारच्याच लेखापरीक्षकांनी म्हटलं. आमच्यापासून हाकेच्या अंतरावरच्या जाफरखानपेटला आणि सैदापेटला नदीकाठची माणसं झोपेत होती. वेळेवर, घरोघर जाऊन, त्यांच्या भाषेत ‘उठा, निघा’ म्हणणारं कुणी नव्हतं. २ डिसेंबरला ‘द हिंदू’ दैनिक चेन्नईत छापलं गेलं नाही. १८७८ मध्ये ते सुरू झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं, कारण कामगार छापखान्यापर्यंत पोचू शकले नाहीत. शहर कुणाच्या पायांवर चालतं ते त्या एका दिवसाने दाखवलं.

आणि मदत? जयललितांच्या सरकारने झोपडी पूर्ण गेलेल्यांना १०,००० रुपये आणि पाणी शिरलेल्या इतर घरांना ५,००० रुपये, सोबत दहा किलो तांदूळ, एक धोतर, एक साडी जाहीर केली. दुसरीकडे स्वयंसेवी संस्थांनी, परगावच्या लोकांनी पाठवलेल्या सामानावर सत्ताधारी पक्षाच्या लोकांनी ‘अम्मां’च्या, म्हणजे जयललितांच्या, छायाचित्राचे कागद चिकटवले. उपाशी माणसाच्या हातात दुधाचं पाकीट पडण्याआधी त्यावर छाप पडली पाहिजे, हा निलाजरेपणा. तमिळ लोकांना या बाबतीत हसण्याचा हक्क आम्हा मराठी माणसांना नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात असताना वाटायच्या धान्याच्या पिशव्यांवर आमच्या पुढाऱ्यांचे फोटो झळकले होते. आणि दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात राहिलात तरच फुकट धान्य, असा शासन आदेश निघाला होता. भूक मोजायला घड्याळ लावणारं सरकार आम्ही पाहिलं आहे, आणि निवडणुकीच्या दिवशी ते विसरूनही गेलो आहोत.

हे घड्याळ आजचं नाही. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात मद्रास इलाख्यात माणसं रस्त्यावर मरत होती, तेव्हा ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा एवढी मजुरी ठरवली. तेवढ्या मजुरीवर खंगलेल्या माणसांकडून मद्रास शहरात कूवम आणि अड्यार या नद्यांना जोडणारा बकिंगहॅम कालव्याचा सुमारे आठ किलोमीटरचा तुकडा खोदून घेतला गेला. उपाशी हातांनी खोदलेला हा कालवा शहराचं पाणी वाहून नेऊ शकत होता. नंतर आम्ही त्याच्या पात्रात उन्नत रेल्वेचे खांब रोवले आणि बाकीच्या जागेत मैला सोडला. त्याच दुष्काळाच्या वर्षांत पुण्याजवळ धनकवडीला जोतीराव आणि सावित्रीबाई आणि त्यांचे सहकारी दुष्काळातल्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवत होते. वीस वर्षांनी प्लेग आला तेव्हा सावित्रीबाई मुंढव्याच्या महार वस्तीतल्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्या बाईने आपल्या पाठीला काय लागेल, याचा विचार केला नाही. आम्ही बाटलीच्या तोंडाला काय लागलं, याचा विचार करतो.

२०२३ च्या डिसेंबरात ‘मिचौंग’ चक्रीवादळ आलं. चेन्नईच्या किनाऱ्याजवळ ते रेंगाळलं आणि ३ व ४ तारखेला शहराला झोडपून पुढे आंध्रात बापटलाजवळ जमिनीवर गेलं. यावेळी निवडून आलेल्या महापौर होत्या, दोनशे प्रभागांत नगरसेवक होते, हजारो कोटी खर्चून केलेल्या पावसाळी गटारांचा डांगोरा आधीच पिटून झाला होता. तरी शहर बुडालं. लोकांनी वेळच्चेरीच्या पुलावर आपापल्या गाड्या नेऊन लावल्या. माणसांना नेऊन ठेवायला मात्र असा पूल कुणापाशी नव्हता. वेळच्चेरीलाच इमारतीसाठी खणलेल्या खड्ड्यात माणसं गाडली गेली. उत्तरेला मणलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या बाजूने तेल वाहत एण्णोरच्या खाडीत गेलं, आणि ते काढायला पहिले उतरले ते खाडीतले मच्छीमारच. बादल्या आणि मग घेऊन, उघड्या हातांनी. २०१५ साली ज्यांनी बोटी आणून शहर वाचवलं, त्यांच्या जाळ्यांवर आणि कातडीवर आठ वर्षांनी शहराने तेल आणून घातलं. सरकारने कुटुंबामागे ६,००० रुपये दिले. घराघरांत त्या पैशांचं काय करायचं याची चर्चा झाली. एण्णोरबद्दल आमच्या वस्तीत मी एकदाही कुणाला बोलताना ऐकलं नाही.

महापालिकेला मी सोडत नाही. गटारं पावसाच्या तोंडावर खणायची आणि अर्धवट ठेवायची, पंप तुंबल्यावर आणायचे, नकाशे दाबून ठेवायचे, हा तिचा गुन्हा आहे आणि तो वर्षानुवर्षं चालू आहे. पण महापालिका जशी वागते तशी वागण्याची मुभा तिला कुणी दिली? आमच्या भागाचा कोडंबाक्कम झोन २०२० पासून खासगी कंत्राटदाराकडे आहे. कंत्राट दिलं तेव्हा रस्ते रोज झाडले जातील का, एवढंच आम्ही विचारलं. झाडणाऱ्याला किती पगार मिळेल, तो कायम असेल की नाही, वादळात त्याचा पाय कापला तर त्याचं काय, हे विचारायला कुणाला सुचलं नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आणखी दोन झोन, रायपुरम आणि तिरु. वि. क. नगर, खासगीकडे गेले तेव्हा तिथले कामगार महापालिकेच्या रिपन बिल्डिंगसमोर फुटपाथवर बसले. बहुतेक बायका. त्यांचा पगार महिना सुमारे तेवीस हजारांवरून सोळा-सतरा हजारांवर यायचा होता. यातल्या अनेकांनी ‘वरदा’ उपसलं होतं, ‘मिचौंग’ उपसलं होतं, कोरोनात रस्ते झाडले होते. तेरा दिवस त्या तिथे बसून होत्या. १३ ऑगस्टच्या मध्यरात्री, न्यायालयाच्या आदेशाचा आधार घेऊन, पोलिसांनी त्यांना उचलून नेलं. स्वातंत्र्यदिन एका दिवसावर होता. दुसऱ्या दिवशी सरकारने त्यांच्यासाठी न्याहारीची आणि विम्याची योजना जाहीर केली. त्यांनी न्याहारी मागितली नव्हती, नोकरी मागितली होती.

त्या तेरा दिवसांत वेस्ट मांबलममधून त्यांच्या पाठिंब्याला किती जण गेले? काही विद्यार्थी गेले असतील, डावे कार्यकर्ते गेले. आम्ही गेलो नाही. अयोध्या मंडपमचा ताबा सरकारने घेतला तेव्हा याच वस्तीतली माणसं रस्त्यावर उतरली होती, म्हणजे उतरता येत नाही असं नाही. देवळासाठी उतरणारे पाय झाडूवाल्या बाईसाठी जडावतात. अंगाला भस्म लावून संध्या करणारे इथले शेजारी आणि गाडगेबाबांच्या फोटोला हार घालणारे आम्ही मराठी, दोघंही यात सारखेच. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, मग कीर्तन. आम्ही कीर्तन ठेवलं आणि खराटा दुसऱ्याच्या हातात दिला. वर त्याला कंत्राटी केलं.

सरकारपर्यंत कशाला जायचं, आमच्या फाटकाच्या आत पाहा. प्रत्येक इमारतीत खाली गाड्यांच्या मजल्यावर वॉचमन राहतो. बिहारचा असेल, नेपाळचा असेल, विळुप्पुरमचा असेल. त्याची बायको, पोरं त्याच दहा फुटांच्या खोलीत. पाणी आलं की पहिलं त्याच्या अंथरुणात येतं. ‘मिचौंग’च्या रात्री आमच्या इमारतीत गाड्या वर काढायला सगळे धावले, वॉचमनच्या कुटुंबाने ती रात्र जिन्याच्या पायऱ्यांवर बसून काढली आणि वरच्या सोळा दारांपैकी एकही उघडलं नाही. ती सोळा दारं आमची, त्यातलं एक माझं. घरकाम करणाऱ्या बायका जाफरखानपेटहून, सैदापेटहून येतात. त्यांच्या घरात कमरेएवढं पाणी असताना तिसऱ्या दिवशी त्यांना फोन गेले, कामावर कधी येणार. जितके दिवस आल्या नाहीत तितक्या दिवसांचा पगार काही घरांनी कापला. शासनाने पूरग्रस्तांना किती दिले, यावर याच घरांत तावातावाने वाद झाले.

तमिळनाडूत शहरांच्या प्रभाग समित्या आणि एरिया सभांचे नियम २०२२ मध्ये झाले. नगरसेवकासमोर बसून वॉर्डातल्या गोष्टी मांडायची ही जागा आहे. तिथे आम्ही रस्त्याचे खड्डे आणि डास मांडतो. मांडायला हवं ते वेगळं आहे. वॉर्डातल्या प्रत्येक सफाई कामगाराचं नाव आणि त्याचा खरा पगार सभेत वाचला जावा. ऑक्टोबर उजाडायच्या आत प्रत्येकाला गुडघ्यापर्यंतचे बूट, मोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं की नाही हे समितीने पाहावं. सुरक्षा साधनांशिवाय मॅनहोलमध्ये माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या ऑक्टोबरात अशा मृत्यूला ३० लाख रुपये भरपाई ठरवली आहे. पूर असो नसो, आमच्या गल्लीत कुणी उतरताना दिसला तर काम जागच्या जागी थांबवायचं, हे आम्ही रहिवाशांनी ठरवावं. आणि पेरुंबाक्कमला हलवलेल्या कुटुंबांपैकी ज्यांची कामं मांबलम-सैदापेटला आहेत, त्यांना इथेच, नदीपासून उंचावर, घरं द्यावीत, ही मागणी आमच्या वस्तीतून जावी. टी. नगरच्या तलावावर घरं मावली, तर त्यांचीही मावतील.

आमच्या इमारतीच्या सभेत मी तीन ठराव ठेवले. पाणी आलं की वॉचमनच्या कुटुंबाला पहिल्या मजल्यावरची सभेची खोली उघडून द्यायची. वादळात येऊ न शकलेल्या कामवाल्या बायकांचा एकाही दिवसाचा पगार कापायचा नाही. आणि खालचं बाथरूम सफाई कामगारांना साबणासकट वर्षभर खुलं ठेवायचं. पहिला ठराव थोड्या कुरकुरीने मंजूर झाला. दुसऱ्यावर एका गृहस्थांनी सांगितलं की हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, आणि तो बाजूला ठेवला गेला. तिसऱ्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग सेक्रेटरी म्हणाले, पाण्याची टंचाई आहे, पुढे बघू. बाटलीवाल्या मामी आता आमच्याच इमारतीत राहायला आल्या आहेत, त्याही सभेला होत्या. त्यांनी हात वर केला आणि साबण मी देते म्हणाल्या. ठराव तरीही नापास झाला. पुढच्या सभेत तो मी पुन्हा ठेवणार आहे, यावेळी माझ्याबरोबर त्यांची सही असेल. दादरला, कोथरूडला, ठाण्याला हे वाचणाऱ्यांनी आपापल्या सोसायटीच्या सभेत हेच तीन ठराव, जसेच्या तसे, येत्या पावसाच्या आधी ठेवावेत.